शुक्राणूंच्या अंतरंगाची परीक्षा

(ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त झालेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा मजकूर)



मराठीत 'वांझ' हा शब्द गाईला लावतात, झाडाला लावतात आणि बाईला लावतात. पुरुषाला तो लावलेला सहसा आढळत नाही. पुरुषासाठी जे शब्द आहेत ते त्याच्या संभोगशक्तीविषयीचे आहेत. शरीराने धडधाकट, संसारात सुखी, परंतु ज्याच्या बीजात दोष आहे अशा पुरुषाला बोलीभाषेत नावच नाही. शास्त्राला ही गोष्ट ठाऊक नव्हती असे नव्हे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शुक्र आणि आर्तव या दोहोंच्या शुद्धीसाठी एक अध्याय खर्ची घातलेला आहे, आणि त्यात शुक्राचा विचार आधी येतो. व्यवहारात मात्र मूल होत नाही म्हटले की तपासण्या सुनेच्या होतात, उपासतापास तिला सांगितले जातात, ओटीभरणाच्या कार्यक्रमात तिलाच मागे उभे राहावे लागते. मुलाची तपासणी झालीच तर सर्वांत शेवटी होते आणि एका कागदावर संपते. त्या कागदावर 'नॉर्मल' हा शब्द आला की घरातल्यांच्या दृष्टीने प्रश्न पुन्हा सुनेकडे जातो. त्या कागदावर काय लिहिलेले नसते आणि ते शोधण्याचे कोणते उपाय प्रयोगशाळांनी गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत काढले, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

ग्रंथालयाच्या व्यासपीठावर हा विषय कशाला, असे कोणाच्या मनात आल्यास त्याला रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण करून द्यावे लागेल. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. अश्लीलतेच्या आरोपाखाली न्यायालयात उभे राहूनही त्यांनी प्रजननाचे शास्त्र मराठीत सांगणे सोडले नाही. त्या मानाने आजच्या वक्त्याचे काम फारच सोपे आहे.

शुक्राणू मनुष्याच्या दृष्टीस प्रथम पडला तो १६७७ साली, हॉलंडमधील डेल्फ्ट या गावी. अँटनी फान लेव्हेनहूक हा कापडाचा व्यापारी स्वतः घासलेल्या भिंगांतून पाण्याचे थेंब, दातांवरचा मळ, जे हाती येईल ते पाहत असे. हाम नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने एका रुग्णाचे वीर्य त्याच्याकडे आणले आणि त्यात वळवळणारे सूक्ष्म जीव असल्याचे सांगितले. लेव्हेनहूकने नंतर स्वतःचे वीर्य तपासून लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले. हे निरीक्षण विद्वानांना किळसवाणे वाटणार असेल तर पत्र खुशाल नष्ट करावे, अशी विनंतीही त्याने त्यात केली होती. तपासणीसाठी वीर्याचा नमुना देताना पुरुषाला जो संकोच आजही वाटतो, त्याचे वय असे साडेतीनशे वर्षांच्या घरात आहे.

लेव्हेनहूकने जे पाहिले, तेच नेहमीची वीर्यतपासणी आजही पाहते. शुक्राणू किती आहेत, त्यांतले किती हलतात, किती सरळ पुढे जातात, त्यांचा आकार कसा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या तपासणीची पद्धत ठरवून देणारी पुस्तिका १९८० साली प्रथम काढली. तिची सहावी आवृत्ती २०२१ साली आली. ज्यांच्या पत्नीला वर्षभराच्या आत दिवस राहिले अशा साडेतीन हजारांहून अधिक पुरुषांचे आकडे घेऊन तीत खालच्या मर्यादा दिल्या आहेत. एका मिलिलिटरमध्ये १ कोटी ६० लाख शुक्राणू, एका वेळच्या संपूर्ण वीर्यात ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३० टक्के आणि निर्दोष आकाराचे केवळ ४ टक्के. शेवटचा आकडा ऐकून अनेकांना धक्का बसतो. शंभरांतले शहाण्णव शुक्राणू वेडेवाकडे असूनही पुरुष बाप होऊ शकतो. उलट, बाप झालेल्या या पुरुषांपैकीही पाच टक्के प्रत्येक मर्यादेच्या खालीच होते. तेव्हा ही मर्यादा म्हणजे सक्षम आणि अक्षम यांच्यामधली भिंत नव्हे, हे पुस्तिका स्वतःच बजावते.

ग्रंथालयाच्या माणसांना हा प्रकार लवकर उमगेल. दाखलनोंदवहीत पुस्तकाचा क्रमांक आहे, कपाटात पुस्तक उभे आहे, बांधणी शाबूत आहे, पाठीवर सोनेरी अक्षरे आहेत. पण आत कसर लागली आहे की नाही, हे पाने उलटल्याशिवाय कळत नाही. नेहमीची वीर्यतपासणी पुस्तके मोजते आणि बांधणी पाहते. शुक्राणूच्या डोक्यात जी पाने आहेत, म्हणजे पित्याकडून अपत्याकडे जाणारा डीएनए, ती फाटलेली असली तरी शुक्राणू जोमाने पोहू शकतो आणि स्त्रीबीजात शिरूही शकतो.

या पानांचा शोध आणि शुक्राणू यांचे नाते जुने आहे. फ्रीडरिश मीशर या स्विस संशोधकाने १८६९ साली जर्मनीतील ट्युबिंगेन येथे शस्त्रक्रियेच्या रुग्णालयातल्या पट्ट्यांवरील पू धुऊन त्यातल्या पेशींच्या केंद्रकांतून एक नवा पदार्थ वेगळा केला. ज्याला आज डीएनए म्हणतात तो हाच. पुढे बाझेल येथे त्याने ऱ्हाइन नदीतील सामन माशांचे शुक्राणू अभ्यासाला घेतले, कारण शुक्राणूचे डोके म्हणजे जवळजवळ नुसते केंद्रकच असते. त्यात डीएनएबरोबर एक अल्कधर्मी द्रव्य त्याला आढळले. १८७४ साली त्याने त्याला प्रोटामीन हे नाव दिले. हे प्रोटामीन या सगळ्या कथेतले महत्त्वाचे पात्र आहे.

मनुष्याच्या शुक्राणूतील डीएनएचा धागा उलगडून सरळ केला तर सुमारे एक मीटर भरेल. शुक्राणूचे डोके एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागाइतके. शरीरातल्या इतर पेशींत डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर सैलसर गुंडाळलेला असतो. शुक्राणू तयार होत असताना यांतली सुमारे ८५ टक्के रिळे काढून टाकली जातात आणि त्यांच्या जागी प्रोटामीन येते; धागा घट्ट वेटोळ्यांत आवळला जातो आणि पुढे गंधकाच्या बंधांनी त्याला जणू कुलपे लावली जातात. ही अदलाबदल करताना पीळ सोडवण्यासाठी पेशी स्वतःच धाग्याला जागोजाग छेद देते आणि मग ते सांधते. छेद सांधायचे राहून गेले किंवा प्रोटामीन कमी पडले, तर शुक्राणू जन्मतःच कच्चा निघतो.

पक्का निघालेल्या शुक्राणूलाही पुढचा प्रवास सुखाचा नसतो. वृषणातून निघाल्यावर तो एक-दोन आठवडे अधिवृषणाच्या नळीत काढतो. वजन कमी करण्यासाठी त्याने आपला पेशीरस बहुतेक टाकून दिलेला असतो, आणि त्याबरोबर दुरुस्तीची साधनेही गेलेली असतात. त्याच्या आवरणात ऑक्सिजनशी चटकन संयोग पावणारी स्निग्धाम्ले भरपूर असतात. अतिक्रियाशील ऑक्सिजनचा मारा झाला तर तो स्वतःची डागडुजी करू शकत नाही. ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या शुक्राणूंची हालचाल मंदावते आणि कॅटॅलेज हे विकर घातल्यास ती टिकते, असे जॉन मॅक्लाउड यांनी १९४३ सालीच दाखवून दिले होते. पण त्याचा डीएनएशी संबंध लावायला पुढची काही दशके जावी लागली.

पाने उलटून पाहण्याची पहिली भरवशाची रीत १९८० साली आली. डोनाल्ड एव्हेन्सन आणि त्यांचे दोन सहकारी यांनी 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. प्रजननक्षमता कमी किंवा संशयास्पद असलेले बैल, उंदीर आणि पुरुष यांच्या शुक्राणूंची केंद्रके तापवली असता त्यांतला डीएनए चांगल्या शुक्राणूंच्या मानाने लवकर उकलतो, असे त्यांनी दाखवले. बैलाचे नाव ऐकून हसू येण्याचे कारण नाही. एका वळूचे वीर्य हजारो गाईंना दिले जाते, त्यामुळे कोणत्या वळूची फळे किती धरतात याचा हिशेब पशुपालनात जितका चोख मिळतो तितका मनुष्यात कधीच मिळत नाही.

या परीक्षेत पुढे उष्णतेऐवजी सौम्य आम्ल वापरात आले. आम्लात अर्धा मिनिट ठेवल्यावर शाबूत डीएनए दुहेरीच राहतो, तुटका डीएनए तुटीच्या जागी उकलून एकेरी होतो. मग अॅक्रिडीन ऑरेंज हा रंग घालतात. दुहेरी धाग्याशी तो हिरवा चमकतो, एकेरी धाग्याशी तांबडा. फ्लो सायटोमीटर नावाच्या यंत्रातून शुक्राणू एकामागून एक लेसर किरणासमोरून जातात आणि काही मिनिटांत पाच हजार शुक्राणूंची चमक मोजली जाते. तांबड्याकडे झुकलेल्यांचे शेकडा प्रमाण म्हणजे डीएनए विखंडन निर्देशांक. अहवालावर तो डीएफआय या तीन अक्षरांनी येतो.

यंत्र महाग असल्याने दुसऱ्या रीतीही निघाल्या. त्यांतली भारतात पुष्कळ ठिकाणी होणारी रीत स्पेनमधील फर्नांडेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली वर्णन केली. काचपट्टीवर अॅगारोजच्या पातळ थरात शुक्राणू बसवायचे, आम्ल द्यायचे, मग प्रथिने विरघळवून काढायची. कुलपे निघाल्यावर शाबूत डीएनएची वेटोळी बाहेर पसरतात आणि डोक्याभोवती देवाच्या चित्रातल्या प्रभेसारखे वलय दिसते; तुटक्या डीएनएभोवती वलय उमटत नाही किंवा अगदी लहान उमटते. साधा सूक्ष्मदर्शक पुरतो, परंतु मोजणाऱ्याची नजर तयार असावी लागते. वलय मोठे की लहान यावर दोन तंत्रज्ञांचे दुमत होऊ शकते, ही या रीतीची उणी बाजू.

तिसऱ्या रीतीला धूमकेतूचे नाव मिळाले आहे. तिचे आज रूढ असलेले अल्कधर्मी रूप नरेंद्र सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली प्रसिद्ध केले. एकेक पेशी जेलमध्ये ठेवून विजेचा प्रवाह सोडला की तुटलेले तुकडे धन ध्रुवाकडे सरकतात आणि डोक्यामागे शेपूट दिसते. वलयाच्या परीक्षेत पसारा चांगला आणि येथे शेपूट वाईट, हा फरक अहवाल वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावा. थोडे शुक्राणू असले तरी ही परीक्षा होते. चौथी रीत १९९२ सालची, टनेल या नावाची. तीत एका विकराच्या साहाय्याने तुटलेल्या टोकांनाच चमकणारी खूण जोडली जाते. टनेलमध्ये तूट प्रत्यक्ष मोजली जाते. आम्लाच्या दोन्ही परीक्षा डीएनए किती सहज उकलतो यावरून तुटीचा अंदाज बांधतात. म्हणूनच एका रीतीचे २० आणि दुसरीचे २० यांची तुलना करता येत नाही.

या चारही रीतींना एक मर्यादा समान आहे. परीक्षेत शुक्राणू मरतो. तपासलेला शुक्राणू वापरता येत नाही आणि वापरायचा शुक्राणू तपासता येत नाही. शितावरून भाताची परीक्षा करावी तशी ही परीक्षा आहे, मात्र या भाताची सगळी शिते सारखी शिजलेली नसतात. १९९२ साली ब्रसेल्सच्या डॉक्टरांनी एकच शुक्राणू सुईने थेट स्त्रीबीजात सोडून गर्भधारणा घडवल्याचे प्रसिद्ध केले, त्यानंतर हा प्रश्न अधिकच टोकदार झाला. १९८६ साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून नलिकाजात बालक जन्मले, तेव्हा हजारो शुक्राणूंतला कोणता आत शिरायचा हे निसर्गावर सोपवलेले होते. सुईच्या पद्धतीत ती निवड तंत्रज्ञाचा डोळा करतो, आणि डोळ्याला डोक्याचा आकार दिसतो, आतली तूट दिसत नाही.

मग निर्देशांकाचा अर्थ काय घ्यायचा? पहिल्या अपत्याची इच्छा धरलेल्या डेन्मार्कमधील जोडप्यांवरचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दोषी शुक्राणूंचे प्रमाण वाढत गेले तशी दर महिन्याची गर्भधारणेची शक्यता उतरत गेली आणि ४० टक्क्यांच्या पुढे ती फारच अल्प उरली. स्वीडनमधील माल्मो येथील मोना बुंगुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली उपचार घेणाऱ्या जोडप्यांचा हिशेब मांडला. निर्देशांक ३० च्या वर असता गर्भाशयात वीर्य सोडण्याच्या साध्या उपचाराला यश स्पष्टपणे कमी येत होते. नलिकेतल्या फलनात किंवा सुईच्या पद्धतीत तसा ठळक फरक आढळला नाही.

हा फरक स्त्रीबीजामुळे पडत असावा. शुक्राणूला जी डागडुजी जमत नाही ती स्त्रीबीजाला जमते. पित्याच्या धाग्यातल्या काही तुटी स्त्रीबीज आपल्या साठ्यातून सांधून घेते, आणि तरुण स्त्रीचे बीज हे काम अधिक करते. मानवी भ्रूणाची स्वतःची जनुके चार ते आठ पेशींच्या अवस्थेत प्रथम कामाला लागतात, असे पीटर ब्रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली दाखवले. तोपर्यंत सगळा कारभार आईच्या शिधोरीवर चालतो. त्यामुळे पित्याकडची तूट पहिले दोन-तीन दिवस लपून राहू शकते. भ्रूण सुरेख दिसतो, दिवसही राहतात, आणि मग काही आठवड्यांनी गर्भ गळून पडतो. ज्या बाईचे दोन-तीन गर्भ असे गेले तिला 'तुझ्या पिशवीत गर्भ ठरत नाही' असे ऐकवले जाते. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांतील पुरुषांमध्ये डीएनए विखंडनाचे सरासरी प्रमाण इतरांहून अधिक असते, हे अनेक अभ्यासांचे एकत्रित निरीक्षण त्या बोलणाऱ्यांच्या कानावर कधी गेलेले नसते.

म्हणून ही परीक्षा सर्वांनी करावी काय? तज्ज्ञांचा कौल तसा नाही. अमेरिकेतील मूत्ररोगतज्ज्ञ आणि प्रजननवैद्यक यांच्या संघटनांनी २०२० साली संयुक्तपणे सांगितले की पहिल्याच फेरीत ही परीक्षा करू नये. गर्भ वारंवार पडत असल्यास मात्र पुरुषाची गुणसूत्रे आणि डीएनए विखंडन तपासावे. युरोपातील मानवी प्रजनन संघटनेनेही वारंवार गर्भपाताच्या संदर्भात २०२२ साली तिचा विचार करता येईल असे म्हटले. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहाव्या पुस्तिकेत ती प्राथमिक तपासणीत नसून विस्तारित तपासण्यांत आहे. हा संयम योग्य आहे. निर्देशांक ३५ असूनही बाप झालेले पुरुष आहेत आणि १० असूनही मूल न झालेले आहेत. अपत्य निपजेल तर व्यंग घेऊन निपजेल, असाही त्या आकड्याचा अर्थ नाही. तसेच, वाय गुणसूत्राचा तुकडाच जन्मतः गहाळ असणे ही वेगळी गोष्ट आहे. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेत भारतीय पुरुषांमधील त्या दोषावर बरेच काम झाले आहे. तो दोष औषधाने बदलत नाही. डीएनए विखंडन मात्र बदलू शकते.

ते बदलते कारण शुक्राणू नित्य नवे तयार होतात. एका शुक्राणूची घडण वृषणात सुमारे ७४ दिवस चालते, त्यात अधिवृषणातले दिवस मिळवले की तीन महिने होतात. इन्फ्ल्युएंझाचा कडक ताप आलेल्या एका पुरुषाची नोंद २००० साली प्रसिद्ध झाली. ताप उतरल्यानंतर काही आठवडे त्याचा निर्देशांक चढलेला होता, मग आपोआप उतरला. ताप, भट्टीजवळचे काम, धूम्रपान, जंतुसंसर्ग, कर्करोगावरचे उपचार आणि वाढते वय ही माहितीतली कारणे. वृषणाच्या शिरा फुगण्याचा विकार सुमारे १५ टक्के पुरुषांत असतो, आणि वंध्यत्वासाठी येणाऱ्यांत त्याहून पुष्कळ जास्त आढळतो. शस्त्रक्रियेने त्या शिरा बांधल्यावर निर्देशांक उतरल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे.

गोळ्यांविषयी मात्र स्पष्ट बोलले पाहिजे, कारण खर्च आणि आशा दोन्ही तेथेच अधिक वाया जातात. ऑक्सिजनचा मारा हे कारण, तेव्हा त्याला अडवणारी जीवनसत्त्वे हा उपाय, हा तर्क सरळ आहे आणि औषधांच्या दुकानांत तो दर महिन्याला विकला जातो. अमेरिकेत २३७० जोडप्यांतील पुरुषांना फॉलिक अॅसिड व जस्त किंवा नुसती लुटुपुटूची गोळी देऊन सहा महिन्यांची चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाला. मुले जन्मण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही, आणि खऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत डीएनए विखंडन किंचित अधिकच निघाले. त्याच वर्षी जीवनसत्त्वांच्या मिश्रणाची आणखी एक लहान चाचणी प्रसिद्ध झाली. तीतही डीएनए सुधारला नाही. तंबाखू सोडणे फुकट आहे, म्हणून बहुधा त्याची जाहिरात कोणी करत नाही.

परीक्षा करायची ठरलीच तर काही व्यावहारिक गोष्टी सांभाळाव्यात. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवसांचा संयम पाळावा आणि दुसऱ्या वेळी तितक्याच दिवसांचा पाळावा, कारण दिवस वाढले की साठून राहिलेल्या शुक्राणूंत तूटही वाढते. मागील तीन महिन्यांत कडक ताप येऊन गेला असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. अहवालावर कोणती रीत वापरली, किती शुक्राणू मोजले आणि त्या प्रयोगशाळेची स्वतःची मर्यादा कोणती, हे छापलेले आहे की नाही ते पाहावे, नसल्यास विचारावे. उपचारानंतरची परीक्षा त्याच प्रयोगशाळेत, त्याच रीतीने, तीन महिन्यांच्या आत नव्हे तर नंतर करावी. आणि तपासणीसाठी प्रथम जाताना पतिपत्नींनी एकाच दिवशी, बरोबरच जावे.